भाकरीवाचून वेरूळ

आमच्या बजाजनगरच्या घरात भाकरी बंद झाली ती माझ्या नवऱ्याच्या रक्तातल्या साखरेमुळे. कारखान्यात दरवर्षी तपासणी होते, तीत त्याची साखर थोडी वर निघाली. डॉक्टर म्हणाले, जरा वजन उतरवा, जरा चालत जा. पण ‘जरा’ हा शब्द माझ्या नवऱ्याला कधी कळलाच नाही. चाला म्हटलं तर तो पळायला लागला. गोड कमी करा म्हटलं तर त्याने साखर, भात, पोळी, बटाटा आणि शेवटी ज्वारीची भाकरीसुद्धा सोडली. तोंडावर मी त्याला अहो म्हणायचे. इथे ‘तो’ म्हणते आहे. आता रागावणार कोण?

मी शाळेत गणित शिकवते. एका घरात दोन स्वयंपाक करायचा मला कंटाळा, म्हणून मीही सोडलं. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. पहिले काही दिवस डोकं ठणकायचं, पाय जड व्हायचे, वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता आकडे डोळ्यांपुढून निसटायचे. तो मला मीठ-लिंबाचं पाणी द्यायचा आणि म्हणायचा, थांब, अंगाला सवय होऊ दे. सकाळी काळ्या कॉफीत चमचाभर तूप, दुपारी अंडी किंवा पनीर आणि पालेभाजी, रविवारी मटण, पण रश्श्यात कुस्करायला काही नाही. रश्श्यात काही न कुस्करता मटण खाणं ही माझ्या मते शिक्षाच आहे, पण ती मी भोगली.

मग खरोखरच सवय झाली. आमच्या सोबत पळणारे लोक कमरेच्या पट्ट्यात खजूर, चिक्की, केळी घेऊन निघायचे आणि तासाभराने खायला थांबायचे. आम्ही खोबऱ्याचे चार काप आणि कागदाच्या पुडीत मीठ घेऊन निघायचो आणि बहुतेक वेळा ते तसंच परत आणायचो. अंग आपलीच चरबी जाळायला शिकलं होतं. वेग नव्हता, चढावर तर आम्ही सगळ्यांच्या मागे पडायचो, पण सपाट रस्त्यावर एकदा लागलो की लागलो. भूक अशी मध्येच अंगावर यायची नाही. तो म्हणायचा, “गाड्या डिझेलवर चालतात, आपण तुपावर.” हा विनोद त्याने इतक्या वेळा केला की मी शेवटी हसणं सोडून दिलं होतं.

त्याचं गाव वेरूळच्या पुढे आहे. आजोबांपर्यंत त्यांच्याकडे मेंढरंच होती, पुढे थोडी शेती आली, त्याच्या पिढीला वाळूजचे कारखाने मिळाले. माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, लग्नानंतर कित्येक वर्षं मेंढरांमागे चाललेल्या. दिवसभराची चाल आणि सोबत फडक्यात बांधलेली भाकरी, एवढंच त्यांना माहीत. लेकाने भाकरी सोडल्याचं कळल्यावर त्यांनी फोनवर विचारलं, “मंग खाता काय? पाला?” तो हसला. त्या हसल्या नाहीत.

तेव्हा त्याने मनात घेतलं की एकदा घरून निघायचं आणि पळत वेरूळ गाठायचं. वाटेत केळं नाही, खजूर नाही, उसाचा रस नाही. आईला दाखवायचं होतं त्याला, की भाकरीवाचून लेक एवढ्या लांब येऊ शकतो. थंडीत जाऊ असं आमचं ठरलं.

त्याच थंडीत एका सकाळी ड्यूटीला निघताना तो बूट घालायला वाकला आणि उठला नाही. ते पळायचे बूट नव्हते, कारखान्याचे होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे नातेवाइकांच्या बोलण्यात ते पळायचेच होऊन गेले. कोणी म्हणालं पळता पळता पडला, कोणी म्हणालं उपाशी पळत होता. डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं होतं की हृदयाचं हे जुनं दुखणं असणार, घराण्यात आहे का कोणाला? होतं. माझे सासरे असेच गेले होते, जवळपास याच वयात, आणि त्यांनी जन्मात एक दिवस भाकरी चुकवली नव्हती. पण हे ऐकायला कोणाला वेळ नव्हता. भाकर सोडली आन् जीव गेला, हे वाक्य सोपं होतं आणि ते गावभर झालं.

तेराव्यानंतर गोडाचं जेवण असतं. सुतकाच्या दिवसांत घरात गोड शिजत नाही. त्या दिवशी शिजतं आणि माहेरचं माणूस घरच्या बाईला पहिला घास भरवतं. त्या घासाने दुखवटा निघाला असं धरतात. माझा भाऊ समोर बसला, त्याने शिऱ्याचा घास उचलला. तेवढ्यात मागून एक चुलत सासरे म्हणाले, “खा बाई, खा. त्यानं खाल्लं असतं तर आज हितं असता.”

मी तोंड मिटलं. ठरवून काही केलं नाही, ते मिटलं गेलं. घास ओठांना लागला, थोडा पदरात सांडला, भावाचे डोळे भरले आणि बायका म्हणाल्या, झालं, झालं. पुढची पंगत बसली. मी पदर झाडला. राग येत होता एवढंच आठवतं. रडू तेव्हाही आलं नाही.

त्यानंतर आत्याबाई माझ्याकडे राहायला आल्या. आम्हाला मूल नाही; मी एकटी राहिले असते, पण त्या माझ्या थोरल्या दिरांना म्हणाल्या, “हिच्यापाशी ऱ्हाते,” आणि गाठोडं घेऊन आल्या. दोन खोल्यांत दोन बायका. आम्ही भांडलो असतो तर बरं झालं असतं, पण आम्ही भांडलोही नाही. त्या सकाळी स्वतःपुरती भाकरी थापायच्या आणि एक जास्तीची. ती कोणासाठी हे मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी ती खालच्या कुत्र्याला जायची. मी माझी अंडी उकडायचे. एकाच गॅसच्या दोन शेगड्यांवर दोन धर्म चालल्यासारखे आमचे दोन स्वयंपाक चालायचे.

मी सगळं तसंच चालू ठेवलं होतं. तूप, अंडी, पनीर, खोबरं. शाळेच्या आधी पळणं. कोणी म्हणालं त्याची आठवण म्हणून करतेस, कोणी म्हणालं हट्ट आहे. मला विचाराल तर मी काहीच म्हणून करत नव्हते. घड्याळाच्या गजराला पाय आपोआप खाली यायचे. मला भूक लागत नव्हती. ती तुपामुळे लागत नव्हती की त्याच्या जाण्यामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. लांब पळून आल्यावर पूर्वी अंग दुखायचं, तेही दुखेनासं झालं. एकदा ठेच लागून अंगठ्याचं नख गेलं. मोजा काढला तेव्हा कळलं. मी ते नख कागदात गुंडाळून टाकून दिलं आणि वह्या तपासायला बसले.

एक सांगायचं राहिलं. आत्याबाई चहा बिनसाखरेचा प्यायच्या. मला वाटलं, घरात साखर नाही म्हणून भिडेपोटी मागत नसतील. मी त्यांच्यासाठी साखर आणून बरणीत भरून ठेवली. ती पावसाळ्यात दगड झाली, तशीच राहिली. शेजारच्या मुलीला दहावीत चांगले गुण पडले, ती पेढे घेऊन आली, तर आत्याबाईंनी पेढा हातात घेतला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “दात दुखतेत गं माय.” पेढा मग त्या कुत्र्यालाच गेला असणार. दिवाळीत, तसा आम्हाला सण नव्हताच, पण वरच्या मजल्यावरून फराळाचं ताट आलं, त्यातला चिवडा त्यांनी खाल्ला आणि लाडू ठेवून दिले. मी म्हटलं, “आत्याबाई, दाताच्या डॉक्टरकडे जाऊ.” त्या म्हणाल्या, “काय नाय, व्हईल बरं.” मी पुन्हा काही विचारलं नाही. तेव्हा मला कशाचंच कुतूहल वाटत नव्हतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं. गावाकडे सगळे जमणार, तेच चुलत सासरे, त्याच बायका, तेच वाक्य. आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. भूमितीत आम्ही मुलांना शिकवतो: आधी पक्ष लिहा, मग साध्य, मग सिद्धता. पक्ष हा की त्याने भाकरी सोडली. साध्य हे की भाकरी सोडल्याने तो गेला नाही. सिद्धता माझ्याकडे नव्हती, माझ्याकडे फक्त दोन पाय होते. मी तोच रस्ता, त्याच खाण्यावर, वाटेत गोडाचा कण तोंडात न घालता पळून दाखवला, तर तो सुटेल. आरोपातून सुटेल. आणि मी वाटेत कोसळले तर दोघांचा निकाल एकदमच लागेल. गणिताच्या बाईला यातली चूक दिसायला हवी होती. एका माणसाच्या पळण्याने दुसऱ्याच्या मरणाचं काही सिद्ध होत नाही. दिसत होती मला. तरी मी निघाले.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी शाळेला रजा टाकली. आत्याबाईंना म्हटलं, “तुम्ही एसटीने या, मी पळत येते. वेरूळच्या थांब्यावर भेटू, तिथून गावाला जाऊ.” मला वाटलं बोलतील. विधवा सून नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला पळत येते, हे कुठल्या सासूला चालेल? त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, “बरं.” मग म्हणाल्या, “वाटंत लागली तर एक बांधून देऊ का?”

“नको, आत्याबाई.”

“बरं,” पुन्हा तेवढंच. भाकरी त्यांनी आपल्याच पिशवीत ठेवली.

मी तुपाची कॉफी प्याले, पट्ट्यात खोबरं, अंडं आणि मिठाची पुडी घातली आणि निघाले. तीसगाव गेलं, शरणापूरचा फाटा आला. कारखान्यांच्या बसगाड्या समोरून येत होत्या, त्यांत डुलक्या घेणारी माणसं. पूर्वी एखाद्या खिडकीत तो असायचा. आता नव्हता, आणि तरी मला काही झालं नाही. पाय चालत होते, श्वास चालत होता. थंडी होती, ती बोटांना कळत होती. रस्त्याकडेला पेरूवाल्या बायका टोपल्या लावत होत्या. एकीने तिखट-मीठ लावलेली फोड पुढे केली, मी हात जोडून पुढे गेले. ती म्हणाली, “घ्या ना बाई, पैसे नाय मागत.” मी थांबले नाही.

दौलताबादच्या दरवाजात एका वेळी एकच गाडी जाते. एक ट्रक अडून उभा होता, त्याच्या बाजूने मी अंग चोरून आत शिरले. गावातून बाहेर पडले आणि घाट लागला. आमच्या या खाण्याची खोड तिथेच आहे. सपाटीला ते साथ देतं, चढाला हात वर करतं. पोटऱ्या दगड झाल्या, डोळ्यांपुढे कडेने काळं यायला लागलं. मी जिभेवर मीठ ठेवलं, पाणी प्याले आणि चालायला लागले. चालणं हे काही हरणं नव्हे, तो सांगायचा. पण त्या वळणावर मला पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची नाही, मरणाचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं. मी इथे पडले तर ते चुलत सासरे काय म्हणतील, याची भीती. तीही भाकरीवाचूनच गेली, म्हणतील. त्या म्हाताऱ्याच्या तोंडाला कुलूप घालायचं म्हणून मी एकेक पाऊल उचलत होते. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मला चढावर नेत होतं काय, तर एका म्हाताऱ्यावरचा राग!

कागजीपुरा, मग खुलताबाद. तिथून उतार. उताराला अंग पुन्हा वाटेवर आलं आणि मी पळायला लागले. समोर खाली वेरूळ दिसत होतं, सहलीच्या बसगाड्या, फुलांची दुकानं. मी पोहोचले. थांब्याजवळ चहाची टपरी आहे, तिच्या बाकावर आत्याबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

मला वाटलं होतं की या क्षणी काहीतरी होईल. ऊर भरून येईल, निदान पाय तरी थरथरतील. काही झालं नाही. एक फेरी पूर्ण झाली, एवढंच. मी त्यांच्यासमोर उभी राहून, शाळेत निकाल वाचून दाखवतात तसं म्हटलं, “आले. वाटेत काही गोड खाल्लं नाही, भाकरी नाही. भाकरी सोडल्याने नाही गेले ते.”

आत्याबाईंनी बाकावर सरकून मला जागा केली.

“म्या कवा म्हनलं, भाकरीनं गेला म्हनून?”

खरंच, त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. बाकी सगळे म्हणाले होते.

“त्याच्या बापासारखा गेला त्यो. ह्यो बी वाकला आन् त्यो बी. मला ठावं नाय व्हय? बस हितं.”

मी बसले. त्यांनी पिशवीतून फडकं काढलं आणि सोडलं. आत डबा होता. भाकरी बारीक कुस्करून गुळात आणि तुपात कालवलेली. थंडीने तूप थिजलं होतं, ते त्यांनी बोटांनी मोकळं केलं आणि घास केला.

“आता तोंड उघड.”

“आत्याबाई, मी...”

“तुज्या भावानं घास धरला तवा तू तोंड मिटलंस. व्हटाला लागला आन् पदरात पडला. बाकीच्या म्हनल्या झालं, पन म्या बघितलं. सुनंचं तोंड गोड झाल्याबिगर आईनं गोड खायचं नसतंय आमच्यात.”

मला समजायला वेळ लागला. साखरेची ती दगड झालेली बरणी. पेढा. लाडू. बिनसाखरेचा चहा, वर्षभर, रोज दोन वेळा, माझ्या समोर बसून.

“मग दात?”

“दाताला काय धाड भरलीय!”

“बोलायचं ना मग, आत्याबाई. एकदा तरी म्हणायचं होतं.”

त्यांनी घास हातातच धरला होता. म्हणाल्या, “त्यानं मला फोनवर सांगितलं व्हतं, आई, तुज्यापस्तोर पळत येनार हाय, भाकरीबिगर. त्येचं ऱ्हायलं ना. तू त्येच्यावानी खातीस, त्येच्यावानी पळतीस, म्हंजी त्येचं करायलीस, हे मला दिसत व्हतं. मंग मदीच कसा घास घालू? म्हनलं, व्हऊ दे तिचं. आता झालं. आता उघड.”

मी इतका वेळ समजत होते की मी एकटीच काही सिद्ध करायला निघाले आहे. या बाई वर्षभर वाट बघत होत्या की लेक पळत यायचा आहे, तो येऊन पोहोचू दे.

मी तोंड उघडलं. गुळाची चव इतक्या दिवसांनी लागली की जबड्याच्या मागे, कानाखाली, जोराची कळ आली. नख गेलं तेव्हा दुखलं नव्हतं, हे दुखलं. तोंडात पाणी सुटलं, आणि त्याच्यामागोमाग डोळ्यांतून. मी चावत होते आणि रडत होते, आणि मला भूक लागली होती, अशी भूक की डबा हिसकून घ्यावासा वाटला. टपरीवाला कप विसळायचा थांबला. सहलीची दोन माणसं बघून पुढे गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. तो हवा होता मला. बाकावर तिसरी जागा मोकळी होती आणि तिथे तो हवा होता, आणि तो नव्हता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दुखलं.

दुसरा घास मी केला. अर्धा सांडला. आत्याबाईंनी तोंड पुढे केलं आणि खाल्ला. हळूहळू चावत राहिल्या.

मग पदराने तोंड पुसून त्यांनी टपरीवाल्याला हाक मारली, “दोन चहा दे बाबा. साखर बरी टाक, दोन्हीत बी.”

चहा आला. त्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटून गिळला, आणि कप तसाच दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “आता गेलं माझं लेकरू.”

माझा चहा निवत होता. मी तो प्याले.